आक्का हे काही पद नाही

मुंबईच्या एका निर्यात कंपनीचे गृहस्थ आमच्या तासगावच्या कोल्ड स्टोरेजमध्ये बेदाणा बघायला आले होते, तेव्हाची गोष्ट. मी त्यांना चेंबर दाखवले, शेतकऱ्यांचे लॉट दाखवले, कोणता माल हिरवा राहील आणि कोणता तांबूस पडेल ते सांगितलं. माणूस सभ्य होता. निघताना त्यांनी खिशातून आपलं कार्ड काढून मला दिलं आणि विचारलं, "मॅडम, आपलं पद काय?"

मी अण्णांकडे बघितलं. भरतअण्णा म्हणजे आमचे मालक. ते खुशीत हसले.

"ही आमची आक्का."

"हो, पण पद?"

"आवं, आक्का म्हंजे आक्काच. हिच्याबिगार हितलं पान हालत न्हाई."

ते गृहस्थ 'बरं बरं' म्हणाले आणि माझा नंबर मोबाइलमध्ये कोणत्या नावाने साठवला देव जाणे. मला त्या वेळी राग आला नाही. उलट बरंच वाटलं. पान हलत नाही म्हणजे केवढं कौतुक! घरी येऊन भाकरी थापायला बसले तेव्हा मात्र तो प्रश्न परत आठवला आणि तवा तापला तरी मी परातीतल्या पिठाकडे बघत बसले.

यंदा मी कामातून मोकळी झाले. बेदाण्याच्या धंद्यात इतकी वर्षं काढली, तर त्याबद्दल लिहा, असा आग्रह झाला. धंद्याबद्दल थोडंफार सांगेनच. पण मला खरं सांगायचंय ते त्या प्रश्नाबद्दल.

बाहेरच्या वाचकांसाठी आधी हे सांगते, की बेदाणा झाडाला लागत नाही. एका पाहुण्या बाईंनी मला खरंच विचारलं होतं, की बेदाण्याची झाडं कुठं आहेत. आमच्याकडे द्राक्षं उतरवून औषधाच्या पाण्यात बुडवतात आणि शेडमध्ये जाळ्यांवर पसरून वाळवतात. वाळलेला माल बायका टेबलाभोवती बसून निवडतात. काडी, काळा दाणा, चेपलेला दाणा बाजूला काढायचा. मग तो पेटीत भरून कोल्ड स्टोरेजमध्ये ठेवायचा, कारण उष्णता लागली की रंग उतरतो आणि रंग उतरला की भाव उतरतो. सौद्याच्या दिवशी नमुने मांडतात, व्यापारी फिरतात, मूठभर उचलतात, दोन दाणे तोंडात टाकतात आणि बोली लावतात. शेतकऱ्याचं वर्ष त्या दोन दाण्यांवर ठरतं.

आमचे फौजी, म्हणजे माझे यजमान, तेव्हा सरहद्दीवर होते. मुलीच्या शाळेसाठी मी तासगावात खोली घेतली होती. शेजारच्या बायका निवडणीला जायच्या, त्यांच्याबरोबर मीही जाऊ लागले. घरात बसून भिंती बघण्यापेक्षा बरं, एवढाच विचार. पण मला ते काम आवडलं. हातात घेतल्यावर माल कळायला लागला. शेतकरी कळायला लागले. एक तात्या होते, ते दर आठवड्याला एस.टी.ने आपल्या पेट्या बघायला यायचे. होस्टेलवरच्या पोरीला भेटायला यावं तसे. चेंबरमध्ये शिरले की पहिलं वाक्य, "माज्या पेट्यांवर दुसऱ्याच्या पेट्या का ठेवल्या? अंगावर वज्झं पडतंय की!" मी त्यांच्या पेट्या वर ठेवून द्यायची. पुढच्या आठवड्यात त्या परत खाली गेलेल्या असायच्या, कारण स्टोरेज काही त्यांच्या एकट्याचं नव्हतं. तात्या येणार म्हटलं की हमाल आपणहून विचारायचे, "आक्का, पोरी वर घ्यायच्या का?"

मी आक्का कशी झाले तेही सांगते. पहिल्या दिवाळीला सौदे बंद होते, पण स्टोरेजवर कुणीतरी लागतंच. भाऊबीजेला माझा भाऊ इस्लामपूरहून येणार होता, त्याचं काही कारणानं राहिलं. मी आपली स्टोरेजवर येऊन बसले. दुपारी भरतअण्णा एकटेच आले. त्यांना बहीण नव्हती. सगळं गाव बहिणींकडे गेलेलं, हे इकडे तिकडे फिरत आले होते. मला बघून म्हणाले, "घरी न्हाई गेलीस?" मी म्हणाले, "भाऊ आला न्हाई." ते समोरच्या पेटीवर टेकले. मग म्हणाले, "मला ओवाळतीस का?" ताम्हण कुठलं असणार तिथं! बेदाण्याच्या नमुन्याच्या ट्रेमध्ये दारातली पणती ठेवून मी त्यांना ओवाळलं. त्या दिवसापासून ते मला आक्का म्हणायला लागले, म्हणजे थोरली बहीण. मी त्यांना अण्णा म्हणतच होते, म्हणजे थोरला भाऊ. दोघांत थोरलं कोण, हे कधी ठरलंच नाही.

पुढे दरसाल भाऊबीजेला अण्णा माझ्या घरी यायचे. ते जैन, त्यामुळे त्या दिवशी माझ्या घरात कांदा-लसूण नाही, बटाटा नाही, आणि सूर्य मावळायच्या आत पान वाढायचं. साडी यायची, मुलीला ड्रेस यायचा. मुलगी आजारी पडली तेव्हा सांगलीला दवाखान्यात आधी अण्णांची गाडी पोचली, मग माझं माहेर. हे मी विसरणारी नाही. त्या माणसाने मला कधी परकं मानलं नाही.

आणि खरं सांगू का, तिथंच माझं घोडं अडलं.

काम वाढत गेलं. चेंबरच्या किल्ल्या माझ्याकडे आल्या. हमालांच्या पाळ्या मी लावायची, शेतकऱ्यांची भांडणं मी मिटवायची, कोणता लॉट कधी बाहेर काढायचा ते व्यापारी मला विचारायचे. हजेरीपुस्तकात मात्र मी निवडणीवालीच होते. पगाराच्या वर अण्णा सणासुदीला काहीतरी हातावर ठेवायचे. ते मी घ्यायची, कारण भावाने दिलेलं नाही कसं म्हणायचं?

एका उन्हाळ्यात अण्णा घरच्यांना घेऊन श्रवणबेळगोळला गेले होते आणि जुने मॅनेजर सुटीवर होते. वादळात विजेचे खांब पडले. जनरेटर चालू केला, तो जरा घुरघुरला आणि बंद पडला. अशा वेळी एकच उपाय असतो, चेंबरचं दार उघडायचं नाही. आतला गारवा आत राहिला तर माल तगतो. मी खुर्ची घेतली आणि दारात बसले. व्यापारी आले. एकाचा ट्रक भरायला उभा होता.

"आक्का, दोन मिंटं उघडा. माजं पटकन काडून घेतो."

"शेट, तुमची दोन मिंटं हुत्यात, पर गारवा परत येत न्हाई."

"मी अण्णास्नी फोन लावतो बगा."

"लावा की. पर दार मी उगडणार न्हाई."

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी वीज आली. माल वाचला. अण्णा परत आले, येताना माझ्यासाठी सुरेख इरकल साडी घेऊन आले आणि सगळ्यांसमोर माझ्या हातात दिली. डोळ्यांत पाणी होतं त्यांच्या. पुढच्याच महिन्यात जुने मॅनेजर काम सोडून मुलाकडे राहायला गेले आणि अण्णांनी त्यांच्या जागी बाहेरून एक गृहस्थ आणले. खंडाळ्याचे शिंदे.

शिंद्यांवर राग धरायची माझी फार इच्छा होती, पण त्यांनी ती संधी दिली नाही. माणूस सोन्यासारखा. एका मोठ्या कारखान्यात काम करून आलेले. त्यांनी मला संगणकावर साठा कसा चढवायचा ते शिकवलं, लॉटला नंबर देण्याची पद्धत बसवून दिली, आणि जे त्यांना कळत नव्हतं ते मला सरळ विचारलं. त्यांच्याकडून मी जे शिकले ते पुढे जन्मभर पुरलं. एका गणपतीत ते मला म्हणाले, "ताई, माझ्या आईची तब्येत बरी नसते. घराजवळ नोकरी मिळालीय. दिवाळीपर्यंत आहे मी. अण्णांशी बोललोय, पण तुम्हाला मुद्दाम सांगतोय, जागा रिकामी होतेय. तुम्ही मागा."

"मी? मला द्यायची आसती तर मागंच दिली आसती की."

"मी आलो तेव्हा विचारलं होतं अण्णांना, की या ताई असताना मला कशाला घेताय? म्हणाले, आक्काला कशाला तरास द्यायचा? ताई, त्यांना वाटतं तुम्हाला ती जागा नकोय. तुम्ही कधी सांगितलंत का, की हवी आहे?"

नव्हतं सांगितलं. मला सारखं वाटायचं की अण्णांना दिसतंय, ते आपणहून देतील. बहिणीने भावाकडे हात पसरायचा नाही, हे आईने लहानपणापासून कानीकपाळी ओरडून शिकवलेलं. आणि अण्णांना वाटत होतं की बहिणीला कामाला जुंपायचं नाही. दोघंही एकमेकांना जपत होतो आणि जागा दुसऱ्याला जात होती.

मी फौजींना फोन लावला. ते आधी हसले, मग मला झापलं.

"आगं, फौजेत काय आपोआप मिळतंय व्हय? प्रमोशनचा कॅडर कोर्स आला की आपलं नाव आपुन द्यायचं. नाव दिलंच न्हाई तर सीओ साब बराकीत येऊन इचारणार हाईत का, की बाबा, हवालदार हुतोस का? उद्या आफिसात जा. सरळ उभी ऱ्हा. अण्णा म्हणायचं न्हाई, साहेब म्हणायचं. एका वाक्यात मागायचं. आन लक्षात ठेव, चा घ्यायचा न्हाई."

दुसऱ्या दिवशी मी ऑफिसात गेले. अण्णा म्हणाले, "ये आक्का, चा घे." मी चहा घेतला. मुलीची चौकशी झाली, वहिनींच्या गुडघ्याची झाली, आणि मी कप विसळून बाहेर आले. संध्याकाळी फोनवर काय ऐकलं ते छापण्यासारखं नाही.

दुसऱ्यांदा मी पक्की तयारी केली. आदल्या दिवशीच अण्णांना फोन करून सांगितलं, की उद्या सकाळी मला तुमच्याशी ऑफिसात बोलायचंय. सकाळी मी आत गेले तर अण्णा माझ्या आधी येऊन बसलेले. मी टेबलासमोर उभी राहिले.

"साहेब," मी म्हणाले.

अण्णांनी माझ्या मागे दाराकडे बघितलं, कुणी आलंय का म्हणून.

"कुणाला साहेब म्हणतीस?"

"तुमास्नी."

त्यांचा चेहरा खर्रकन उतरला. "काय झालं? फौजी बरं हाईत न्हवं? पोरगी?" बोलता बोलता त्यांनी खण उघडून चेकबुक बाहेर काढलं. "किती पायजेत ते सांग. कशाला पायजेत ते बी सांगू नगंस."

त्या चेकबुकापुढे माझं पाठ केलेलं वाक्य विरघळून चाललं होतं. पण चहा अजून आलेला नव्हता.

"पैसं नगोत. शिंदेसाहेबांची जागा पायजे. मॅनेजरची."

अण्णांनी चेकबुकावरचा हात काढला. मग अगदी हळू म्हणाले, "तुला काय कमी केलं गं मी?"

याला काय उत्तर द्यायचं, हे फौजींनी शिकवलं नव्हतं. पण ते माझ्या तोंडून आपोआप आलं. "काय कमी केलं न्हाई. लय दिलंसा. पर अण्णा, माज्याकडं जे हाय ते समदं तुमी दिल्यालं हाय. एक तरी गोष्ट मी मिळवल्याली आसू दे."

"तितं वेळी-अवेळी ट्रक येत्यात. डायवर, हमाल, व्यापारी, त्येंची भाषा. माज्या बहिणीला तितं उभी करू?"

"मी तितंच उभी आसते की, अण्णा."

"तितं तू तुज्या मनानं उभी ऱ्हातीस. मी उभी केली तर लोक म्हणतील, बहीण बहीण म्हणतोय आन राबवून घेतोय."

"मग बहीण म्हणू नगासा. हितं तरी."

हे म्हणाले आणि लगेच मला वाटलं, जीभ तोडून टाकावी. अण्णांनी चेकबुक परत खणात ठेवलं. "बघू," म्हणाले. आमच्याकडे 'बघू' म्हणजे बहुतेक वेळा 'नाही' असतं.

त्यानंतर ते निवडणीच्या टेबलाकडे चहाला यायचे थांबले. समोर आले तर कामाचं तेवढं बोलायचे. मला रात्री झोप येईना. जागा मिळाली नाही तर नाही, पण हा माणूस आपण दुखावला, आणि कशासाठी, तर कार्डावर छापायच्या एका शब्दासाठी? असं मनात यायचं. आणि लगेच उलटंही यायचं, की तो एक शब्द मागितला म्हणून दुखावण्यासारखं काय आहे त्यात? असं दोन्हीकडून मी स्वतःला कुरतडत होते.

दिवाळी आली. सौदे बंद झाले. शिंदे सगळ्यांना भेटून गावी गेले. भाऊबीजेला मी सकाळपासून स्वयंपाकाला लागले, अण्णा येणार नाहीत असं धरूनच. पण ते आले. पाटावर बसले. मी ओवाळलं. दरसाली त्यांचा हात आधी पिशवीकडे जायचा. या वेळी पिशवीच नव्हती. हात मांडीवर ठेवून ते खाली बघत बसले.

"औंदा काय आणलं न्हाई," म्हणाले.

"तुमी आलासा, बास झालं," मी म्हणाले, आणि ते खरं होतं. पण ते गेल्यावर मी स्वयंपाकघरात जाऊन खूप रडले. जागाही गेली आणि भाऊही गेला, असंच मला वाटलं.

दिवाळीनंतर मुहूर्ताचा सौदा असतो. सौद्याचा हॉल भरलेला होता. व्यापारी, शेतकरी, अडते, सगळे नव्या कपड्यांत. वजनकाट्याला हार घातलेला. मी नेहमीप्रमाणे मागच्या दाराशी, नमुने बरोबर लागलेत का बघत उभी होते. नारळ फुटला आणि अण्णांनी माइक घेतला. त्यांना बोलायची सवय नाही, त्यामुळे ते ओरडल्यासारखंच बोलले.

"शिंदेसाहेब गावाकडं गेल्यात. आजपासनं ह्या स्टोरेजच्या मॅनेजर सुमन संपत जाधव. मालाचं, चेंबरचं, हमालांचं जे काय बोलायचं आसंल ते त्यांच्यासंगं बोलायचं. माज्याकडं यायचं न्हाई."

हॉल शांत झाला. शांत झाला, कारण सुमन जाधव कोण हे कुणालाच ठाऊक नव्हतं! लोक दाराकडे बघायला लागले, आता कोण बाई येतीय म्हणून. माझ्या शेजारी एक म्हातारे व्यापारी उभे होते. ते माझ्याकडे वाकून म्हणाले, "आक्का, कोण म्हणायची ही नवी बाई? सांगलीची हाय का?"

"मीच की, शेट," मी म्हणाले.

इतक्या वर्षांत अण्णांनी माझं नाव कधी घेतलं नव्हतं. त्यांना ते माहीत आहे, हेसुद्धा मला माहीत नव्हतं. पहिल्या लॉटची बोली सुरू झाली आणि कुणीतरी "जाधव मॅडम, तीन नंबरचा नमुना इकडं" म्हणालं, तेव्हा 'हो' म्हणायला मला क्षणभर उशीर झाला.

सगळंच काही गोड झालं नाही. पुढे पुढे निवडणीच्या टेबलावरच्या माझ्या मैत्रिणी मी आले की गप्पा थांबवायला लागल्या. त्याचं वाईट वाटायचं, अजून वाटतं. पण ते हळूहळू कळत गेलं. मुहूर्ताच्या त्या दिवशी संध्याकाळी, ऊन अजून अंगणात असताना, मी घरी येऊन पाय धूत होते तोवर अण्णांची गाडी दारात थांबली. हातात पिशवी होती.

"हे काय?"

"ओवाळणी. भाऊबीजेची."

"ती झाली की कवाच."

"झाली. पर त्या दिवशी आणली आसती तर तुला वाटलं आसतं, अण्णानं साडीवर भागवलं. आन आज हॉलात दिली आसती तर लोकं म्हणाली आसती, बहिणीला ओवाळणीत जागा दिली." त्यांनी पिशवी माझ्या हातात कोंबली. "तू मागितलीस ती जागा तिकडं मिळाली. ती माज्याकडनं न्हवं, तुज्या कामाची हाय. ही हितली हाय. घे आक्का."

मला रडू आवरेना. काहीतरी बोलायला हवं म्हणून मी म्हणाले, "बसा साहेब, पान वाढते."

अण्णांनी चप्पल काढता काढता माझ्याकडे बघितलं. "हितं साहेब म्हणालीस तर साडी परत नेईन बग," ते म्हणाले.

मी पाट मांडला.